पेठेतली पालं आणि बारा फुटांची वाट: एका यात्रेचं प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा-सांगली पट्ट्यातलं हे तालुक्याचं गाव. नगरपरिषद ‘क’ वर्गाची, बाजार शनिवारचा. ग्रामदैवताची यात्रा चैत्र पौर्णिमेला सुरू होते आणि पाच दिवस चालते. पहिल्या रात्री छबिना, म्हणजे देवाच्या पालखीची मिरवणूक, निघतो, पुढे दोन रात्री लोकनाट्य आणि ऑर्केस्ट्रा असतो, शेवटच्या दिवशी कुस्त्यांचं मैदान. एसटी स्टँडपासून देवळापर्यंत साधारण अडीचशे मीटरची सरळ पेठ आहे आणि सगळी यात्रा तिथेच भरते. पेठेचा स्टँडकडचा दीडशे मीटरचा भाग गटारापासून गटारापर्यंत ३४ फूट रुंद आहे. पुढचा शंभर मीटर मात्र २२ फुटांवर येतो.

पेठेत ६२ कायमची दुकानं आहेत: कापड, सराफी, भांडी, किराणा, औषधं, हॉटेलं. यात्रेत बाहेरून येणारे पालवाले, म्हणजे ताडपत्रीची तात्पुरती दुकानं थाटणारे, वेगळे. बांगड्या, खेळणी, मेवामिठाई, गोडीशेव, घोंगडी, लोखंडी अवजारं असं सामान घेऊन ते गुढीपाडव्यापासून अक्षय्यतृतीयेपर्यंत एका यात्रेतून दुसऱ्या यात्रेत फिरत असतात. त्यांच्या वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा या महिन्याभरात येतो, त्यामुळे एक यात्रा बुडाली तर ती वर्षभर भरून निघत नाही.

जागा वाटायची पद्धत जुनी होती. यात्रा कमिटी पेठेचा लिलाव करायची. सर्वांत जास्त बोली लावणारा मक्तेदार अख्खी पेठ उचलायचा आणि फुटावर पालवाल्यांना द्यायचा. नगरपरिषद प्रत्येक पालाकडून रोज २० रुपये बाजार फी घ्यायची. पोलीस बंदोबस्ताची परवानगी कमिटीच्या नावावर निघायची. रस्ता नगरपरिषदेचा, लिलाव कमिटीचा आणि वसुली मक्तेदाराची, आणि जागेचा नकाशा यांपैकी एकाकडेही नव्हता.

२०२३ मध्ये काय झालं

त्या वर्षी चैत्र पौर्णिमा ६ एप्रिलला, गुरुवारी आली. मक्ता ४,२०,००० रुपयांना गेला आणि मक्तेदाराने पेठेत १३१ पालं बसवली. १० फूट खोलीची पालं दोन्ही बाजूंना, दुकानांकडे पाठ करून, गटारावर फळ्या टाकून उभी राहिली. कापड दुकानाच्या पायरीवर उभं राहिलं की समोर ताडपत्रीची पाठ दिसायची. गिऱ्हाइकाला आत यायचं तर दोन पालांमधल्या दोरांखालून वाकून यावं लागायचं. साड्या बघायला आलेल्या बायका लेकरं कडेवर घेऊन अशा वाकत नाहीत, त्या पुढे निघून जातात.

रस्त्याचा हिशेब असा होता. ३४ फुटांतून दोन्ही बाजूंची पालं वजा केली की १४ फूट उरतात. पालापुढे टांगलेला माल दोन्हीकडून दीड-दीड फूट खायचा, तेव्हा ११ राहिले. पालासमोर उभं राहणारं गिऱ्हाईक दोन-दोन फूट घेतं, म्हणजे चालायला ७ फूट. त्या सात फुटांत जाणारे आणि येणारे दोन्ही. छबिन्याच्या रात्री बारा फुटांवरून आडव्या गेलेल्या तात्पुरत्या वायरी आणि ताडपत्र्यांमध्ये वीस-पंचवीस फुटी सासनकाठ्या, म्हणजे मिरवणुकीत नाचवायच्या देवाच्या उंच काठ्या, अडकल्या. प्रत्येक वायर बांबूने वर उचलून धरावी लागली आणि पालखी दोन तास रखडली.

शुक्रवारी संध्याकाळी जिलेबीच्या पालात कढईतलं तेल पेटलं. शेजाऱ्याने घाईत त्यावर बादलीभर पाणी ओतलं. पेटत्या तेलात पाणी गेलं की ते खाली बसतं, क्षणात त्याची वाफ होते आणि ती जळतं तेल वर उडवते. तसंच झालं. आग ताडपत्रीला लागली आणि दोन पालं जळाली. नगरपरिषदेचा बंब पाच मिनिटांत आला, पण पेठेच्या तोंडाशीच अडला. बंब आठेक फूट रुंद, वाट सात फुटांची. शेवटी दुकानदारांनी वाळू टाकून आणि ओली गोणपाटं झाकून आग विझवली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

त्याच रात्री व्यापारी संघटनेची बैठक झाली आणि शनिवारी दुपारपर्यंत पेठ बंद ठेवायचं ठरलं. सकाळी मोबाइलवर ‘आज पेठ बंद’ असा निरोप फिरला. दहा वाजेपर्यंत वाड्यावस्त्यांवर तो ‘पेठ बंद, यात्रा बंद’ असा पोचला. पुढे पाठवताना दोन शब्द कोणी जोडले ते कधीच कळलं नाही. रविवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, गर्दी निम्म्यावर आली. पालवाल्यांचं नुकसान झालं, दुकानदारांचंही झालं, आणि वर्गणी मागायला गेलेल्या कमिटीच्या पोरांना दुकानांतून परत पाठवलं गेलं.

खरं कारण कुठे होतं

पहिल्या दोन बैठका ‘पालवाले विरुद्ध दुकानदार’ अशाच झाल्या. त्यांतून काही निघालं नाही, कारण भांडणाचं मूळ तिथे नव्हतं. तीन गोष्टी पुढे आल्यावर चित्र पालटलं.

पहिली गोष्ट मक्त्याची रचना. मक्तेदाराने एकरकमी पैसे भरले की त्याची कमाई एकाच गोष्टीवर ठरते: त्याच जागेत किती फूट विकले. वाट अरुंद झाल्याची किंमत त्याला मोजावी लागत नाही. म्हणून तो बोळाच्या तोंडावर, वळणावर, रोहित्राखाली, जागा दिसेल तिथे पाल बसवतो. माणूस बदलला असता तरी हेच झालं असतं. पालामागे सरासरी ५,००० रुपये धरले तर वसुली साडेसहा लाखांच्या घरात जाते. त्यातून वीज आणि माणसांचा खर्च काढून त्याला नफा उरवायचा होता.

दुसरी गोष्ट दुकानदारांची स्वतःची. टेप लावून पेठ मोजली तेव्हा कळलं की गटारापासून गटारापर्यंत ३४ फूट असले तरी वापरात २८ च आहेत. पुतळे, रॅक, पत्र्याची पडवी, दारात लावलेल्या गाड्या, सगळं मिळून दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट पुढे आलं होतं. मोजणी दोन्ही बाजूंच्या लोकांना सोबत घेऊन, भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाली. तो निर्णय फार उपयोगाचा ठरला. आकडा कागदावरून आला असता तर कोणी मानला नसता.

तिसरी गोष्ट अशी की व्यापारी एकमताचे नव्हते. विक्रीचा आकडा कोणी सांगत नाही, म्हणून प्रश्न वेगळा विचारला: साध्या आठवड्यातल्या पाच दिवसांची विक्री १० धरली तर यात्रेच्या पाच दिवसांत किती? चिठ्ठीवर फक्त धंद्याचा प्रकार आणि आकडा लिहायचा, नाव नाही. ६२ पैकी ५१ दुकानांनी चिठ्ठ्या दिल्या. सरासरी अशी निघाली: कापड ४, सराफी ३, भांडी ५, औषधं ११, किराणा १३, चहा-हॉटेल २४. पालं हटवण्याची मागणी पेठेची म्हणून पुढे आली होती, प्रत्यक्षात ती पेठेतल्या तीन धंद्यांची होती. त्यांचं दुखणं खरं होतं, पण पालं गेली असती तर हॉटेलवाला आणि किराणावाला मारला गेला असता.

समोरचे पर्याय

*सगळी पालं बाजार समितीच्या आवारात हलवायची.* आवार मोठं, वाहनांना मोकळं, पण देवळापासून जवळपास एक किलोमीटर लांब. देवदर्शनाला आलेलं माणूस एप्रिलच्या उन्हात बांगड्यांसाठी तेवढं चालत नाही. नारळ, हार, गुलाल, खोबरं विकणाऱ्यांना तर देवळाची वाट सोडून धंदाच नाही. पर्याय मागे पडला, पण आवार पुढे उपयोगी आलं.

*एकाच बाजूला पालं.* रस्ता मोकळा होतो, पण मग कुठल्या बाजूच्या दुकानांनी पाठ सोसायची? दरवर्षी बाजू बदलू असं सुचलं. ज्यांची बाजू पहिली येणार होती ते उठून गेले.

*आहे तसंच ठेवून नियम कडक करायचे.* मक्तेदाराकडून हमीपत्र, टांगता माल बंद, रात्री पोलिसांची फेरी. कमिटीतल्या बऱ्याच जणांना हे सोयीचं वाटत होतं. पण मक्ता तोच राहिला असता तर फूटही तेच विकले गेले असते.

*पालं रस्त्याच्या मधोमध, पाठीला पाठ लावून.* हा पर्याय शेजारच्या तालुक्यातल्या यात्रेत पाहिलेल्या एका पालवाल्याने सुचवला. ५ फूट खोलीची दोन पालं पाठीला पाठ लावून उभी केली तर मधला पट्टा १० फुटांचा होतो आणि दोन्ही बाजूंना १२-१२ फूट वाट राहते. दुकानाचं तोंड मोकळं, पालाचं तोंड दुकानाकडे. गिऱ्हाईक एकाच वाटेवरून डावीकडे पाल आणि उजवीकडे दुकान पाहतं. एका बाजूने देवळाकडे जायचं, दुसऱ्या बाजूने परतायचं.

शेवटच्या पर्यायाला मानकऱ्यांनी हरकत घेतली. देवाची वाट मधून जाते, ती अडवायची नाही, असं त्यांचं म्हणणं. हा मुद्दा बाजूला सारता येण्यासारखा नव्हता. दोन बैठका फक्त त्यावर गेल्या. अखेर तोडगा निघाला: छबिना जाताना एका वाटेने आणि येताना दुसऱ्या वाटेने, म्हणजे मधल्या पट्ट्याला वळसा घालून जाईल. २२ फुटांच्या भागात एकही पाल नाही, तिथे पालखी पूर्वीसारखी मधूनच. आणि पूर्ण पेठेत एकही आडवी ताडपत्री नाही. सासनकाठ्या आदल्या वर्षी अडकल्या होत्या, हे मानकरी विसरले नव्हते. तिसरी अट ऐकल्यावर त्यांनी होकार दिला.

काय केलं

२०२४ ची चैत्र पौर्णिमा २३ एप्रिलला, मंगळवारी होती. तयारी जानेवारीत सुरू झाली आणि ते बरंच झालं, कारण १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. या भागातलं मतदान ७ मे रोजी होतं.

मक्ता बंद करणं सर्वांत अवघड गेलं. नगरपरिषदेवर प्रशासक असल्याने निर्णयाला सभागृह नव्हतं. अर्ज, नकाशा आणि लेखी आदेश एवढाच मार्ग होता. नगरपरिषदेने आखलेल्या ११२ जागांपुरती परवानगी कमिटीला दिली. भाडं चौरस फुटाला रोज २ रुपये, आगाऊ. जागा पुढे एकरकमी कोणाला द्यायची नाही, ही अट आदेशातच घातली. अकरा वर्षं मक्ता घेणारा माणूस दुखावला होता. पण कोण पालवाला वेळेवर पैसे देतो, कोणाचं कोणाशी पटत नाही, कोणत्या मालाशेजारी कोणता माल चालतो, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याला ३०,००० रुपये ठरवून मांडणीचं काम दिलं. या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय हाच होता, असं आमचं मत आहे.

आखणी चुन्याच्या फक्कीने केली, जागेचे क्रमांक पांढऱ्या रंगाने टाकले. पालाचं तोंड ८ फूट, खोली ५ फूट. एका बाजूला आठ पालं झाली की ६ फुटांची आडवी फट, म्हणजे ७० फुटांचा एक गाळा. दीडशे मीटरमध्ये असे सात गाळे बसले. एका गाळ्यात दोन्ही तोंडांची मिळून १६ पालं, एकूण ११२. पालाची उंची ८ फुटांवर नाही, आणि वाटेवर एक इंचही माल टांगायचा नाही. दुकानांसाठीही गटाराच्या आतल्या कडेला फक्की मारली. पुतळे आणि गाड्या त्या रेषेच्या आत. ही रेषा मारायच्या दिवशी सर्वांत जास्त वादावादी झाली.

जुन्या १३१ पैकी तेल-गॅसवर काम करणारे, भांडीवाले, अवजारवाले असे ४४ जण बाजार समितीच्या आवारात गेले. उरलेल्या ८७ जणांना पेठेत हक्काची जागा मिळाली. राहिलेल्या २५ पैकी १० बचत गटांना आणि १५ नव्यांना चिठ्ठ्या टाकून दिल्या. कोणाला कोणता क्रमांक तेही चिठ्ठीनेच ठरलं. पेठेतल्या पालाला पाच दिवसांचे ३,५०० रुपये, आवारात २,५००, पावती जागेवर. या पावतीचा एक उपयोग कोणी आधी धरला नव्हता. आचारसंहितेत ५० हजारांहून जास्त रोकड जवळ असली की नाक्यावर हिशेब द्यावा लागतो. यात्रा उरकून रात्री पुढच्या गावी निघालेल्या पालवाल्यांना हे पैसे कुठले, ते दाखवायला हा कागद कामी आला.

विजेचं काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घेतलं. महावितरणची तात्पुरती जोडणी, पेठेच्या कडेच्या खांबावरून बल्ल्यांवर वीस फूट उंचीने एकदाच मधल्या पट्ट्यात आणलेली. पुढची सगळी केबल पालांच्या पाठीमागून. बाजूने हजार वायरी ओढण्यापेक्षा मधला पट्टा इथेही सोयीचा पडला, फक्त सासनकाठ्यांच्या वेळी ती एक आडवी केबल बंद करून खाली घ्यायची, हे आधीच ठरवून ठेवलं. पालाला १०० वॅटची मर्यादा. गाळ्याचे १,६०० वॅट, म्हणजे सुमारे ७ अँपिअर, म्हणून प्रत्येक गाळ्याला १० अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पडणारा स्विच) असलेला बंद बोर्ड, केबल अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची, आणि अर्थिंग वेगळं. आरसीसीबी खर्चिक आहे म्हणून तो वगळावा असा आग्रह झाला. तो मानला नाही. एमसीबी जास्त भाराला पडतो, माणसाला बसलेल्या शॉकला नाही. पत्र्याच्या टेबलावर ओल्या हाताने बल्ब बदलणाऱ्याला वाचवतो तो आरसीसीबी.

अन्नाची पालं आवारात एकमेकांपासून ६ फूट अंतरावर. सिलिंडर व्यावसायिक आणि पालाबाहेर, उभा. प्रत्येक कढईशेजारी कढईच्या मापाचं पत्र्याचं झाकण, वाळूची बादली आणि ओलं गोणपाट. तेल पेटलं तर पाणी घालायचं नाही, गॅस बंद करून झाकण ठेवायचं, हे प्रत्येकाला करून दाखवलं. अन्नपरवाना विभागाची नोंदणी नसलेल्यांना मार्चमध्येच अर्ज करायला लावले. लहान विक्रेत्याला तेव्हा वर्षाला १०० रुपयांत ती मिळायची, पण यात्रेच्या आदल्या दिवशी मिळायची नाही.

देवळाजवळच्या अरुंद भागात बांबूचे अडसर घालून जाणारी आणि येणारी वाट वेगळी केली. नारळ फोडायची जागा वाटेपासून दूर नेली, तिथे निचरा होणारी जाळी बसवली. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरीत अडीचशेहून जास्त माणसं दगावली. तिथे नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट आणि लगतची दुकानं हे सगळं एकत्र आलं होतं. या पट्ट्यातल्या माणसांना ते आठवून द्यावं लागत नाही. अरुंद भागात पालं नकोत हा मुद्दा त्यामुळे कमिटीत एका बैठकीत मंजूर झाला.

बातमीचं कामही ठरवून घेतलं. कमिटीचा एक आणि व्यापाऱ्यांचा एक, अशा दोनच जणांनी निरोप काढायचे. सकाळी ९ आणि संध्याकाळी ५, तारीख-वेळ घालून, दोघांच्या नावांनी. गावातल्या साप्ताहिकाच्या बातमीदाराला नकाशा यात्रेच्या दहा दिवस आधीच दिला. साप्ताहिकाच्या यात्रा विशेषांकाला जाहिराती पेठेतूनच मिळतात, म्हणून एरवी बातमी त्या बाजूला झुकते. हाती नकाशा आणि आकडे आले की बातमीत तेच छापलं जातं.

पाच दिवसांत काय घडलं

छबिना चाळीस मिनिटांत पेठ पार करून गेला. बंब रोज संध्याकाळी पाच ते अकरा स्टँडकडच्या तोंडाशी उभा होता आणि बुधवारी गर्दीतून तो एकदा रिकामा फिरवून पाहिला. पट्ट्याच्या दोन्ही वाटांनी तो देवळाच्या चौकापर्यंत पोचला.

आवार मात्र पहिले दोन दिवस ओस पडलं. लोकांना तिकडे ओढायला आकाशपाळणा तिथेच लावायचा होता, पण पाळण्याची तपासणी करणारे अधिकारी निवडणुकीच्या प्रशिक्षणात होते. दाखला बुधवारी संध्याकाळी मिळाला. तोवर भजी आणि भेळवाल्यांनी दोन दिवसांचा माल फुकट घालवला होता. कमिटीने त्यांचे दोन दिवसांचे पैसे परत केले नाहीत, पण गुरुवारपासून पेठेच्या तोंडाशी रिक्षा ठेवून आवारापर्यंत फुकट नेणं सुरू केलं. पाळणा फिरू लागल्यावर आवार भरलं.

पेठेत एक गोष्ट रोज करावी लागली. दुपारी चारपर्यंत रेषा पाळली जायची, दिवे लागले की खेळण्यांच्या पालांतून फुगे आणि बॅट बाहेर यायचे, आणि समोरच्या दुकानाचा एक पुतळाही हळूच रेषेबाहेर यायचा. जुना मक्तेदार हातात काठी आणि फक्कीची पिशवी घेऊन पाच वाजता आणि आठ वाजता फेरी मारायचा आणि रेषा परत मारायचा. पाच फूट खोली बांगडीवाल्यांना पुरली. काकणांच्या पेट्या त्यांनी उभ्या रचल्या आणि पुढे फक्त हात धरून काकण भरायची पाटी ठेवली. खेळणीवाल्यांना ती अपुरी पडली.

सर्वांत मोठी चूक शनिवारी, २७ एप्रिलला दिसली. शेवटचा दिवस, दुपारी तीनला कुस्त्या, आणि आठवडी बाजारही. भाजीवाल्या बाया पहाटे पाचला आसपासच्या गावांतून आल्या आणि नेहमीच्या जागी, म्हणजे येणाऱ्या बाराफुटी वाटेवर, पाट्या मांडून बसल्या. सूचनेचे फलक गावात लागले होते, निरोप मोबाइलवर फिरले होते, पण या बायांपर्यंत यांतलं काहीच पोचलं नव्हतं. उठवायचं म्हटलं तर त्यांचा दिवस बुडणार, ठेवायचं म्हटलं तर गोल वाट मोडणार. सकाळी सहाला ठरलं ते असं: भाजी त्याच वाटेवर दुपारी दोनपर्यंत बसेल, त्या बाजूची पालं तोवर बंद राहतील, लोक दुसऱ्या वाटेने दोन्हीकडे चालतील, आणि दोननंतर ती वाट झाडून कुस्त्यांच्या आधी मोकळी करायची. त्या बाजूच्या ५६ पालवाल्यांचा अर्धा दिवस गेला. त्यांना ३५० रुपये परत दिले. तेवढ्यावर ते गप्प बसले, समाधानी झाले नाहीत.

हिशेब

पेठेतून ३,९२,००० आणि आवारातून १,१०,००० असे ५,०२,००० जमा झाले. नगरपरिषदेचं भाडं ४४,८००, बाजार समितीचं २५,०००, वीज आणि बोर्ड ६८,०००, टँकर, फिरती शौचालयं आणि वाळू ४१,०००, मांडणीचे ३०,००० वजा जाता २,९३,२०० राहिले. आदल्या वर्षी मक्त्याचे हातात पडलेले ४,२०,०००. म्हणजे १,२६,८०० कमी. पेठेची वर्गणी १,८५,००० वरून २,६०,००० वर गेली, तेव्हा तूट ५१,८०० वर आली. शनिवारी परत दिलेले १९,६०० रुपये त्यात आणखी वाढले. ही तूट ऑर्केस्ट्राची एक रात्र रद्द करून भरून काढली, कुस्तीच्या इनामाला हात लावला नाही.

चिठ्ठ्या पुन्हा घेतल्या. कापड ८, सराफी ६, भांडी ९, औषधं ११, किराणा १२, चहा-हॉटेल १७. कापडाचा चारावरून आठावर गेलेला आकडा सगळा मांडणीमुळे असं म्हणता येत नाही. २०२३ मध्ये यात्रा रमजानच्या महिन्यात आली होती आणि ईद २२ एप्रिलला होती. ईदच्या खरेदीच्या ऐन दिवसांत दुकानं झाकली गेल्याने त्या वर्षी फटका जास्त बसला. २०२४ ची ईद ११ एप्रिललाच होऊन गेली होती. हॉटेलवाल्यांची घट मात्र सरळ आहे: खाण्याचा बाजार आवारात गेला, त्यांचं गिऱ्हाईक तिकडे वळलं. ही नाराजी अजून मिटलेली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

कोपऱ्याच्या जागांना वेगळा दर लावायला हवा होता. फटीला लागून असलेल्या पालाला दोन तोंडं मिळतात, विक्री जास्त होते. सगळ्यांना एकच दर आणि जागा चिठ्ठीने, त्यामुळे पहिल्याच रात्री कोपऱ्याच्या जागांची हजार-दोन हजारांना आपसात अदलाबदल झाली. तो पैसा कमिटीचा होता, आणि यादीतलं नाव व पालात बसलेला माणूस यांचा मेळ तुटला ते वेगळंच.

खोली सगळ्यांना पाच फूट ठेवायची गरज नव्हती. खेळणीवाल्यांसाठी एका गाळ्यात पाठीच्या बाजूचं पाल न देता पूर्ण दहा फूट दिले असते आणि दुप्पट भाडं घेतलं असतं तर संध्याकाळचे निम्मे वाद टळले असते.

पाळण्याच्या तपासणीचा अर्ज मार्चमध्ये, आचारसंहिता लागायच्या आधी जायला हवा होता. पाळण्याचा मालक दुसऱ्या यात्रेत असतो, पाळणा जागेवर उभा राहिल्याशिवाय तपासणी होत नाही, हे खरं. पण तारीख आधी मागून ठेवता येते. ती मिळणार नसेल तर खाण्याची पालं पहिले दोन दिवस पेठेच्या तोंडाशी मोकळ्या जागेत ठेवायची, असा दुसरा बेत हाताशी हवा होता.

आणि बाजार. नकाशा, फलक, निरोप या सगळ्यांत शनिवारचा भाजीबाजार कोणाच्याच लक्षात राहिला नाही, कारण बैठकीला भाजीवाली एकही नव्हती. आधीच्या शनिवारी, २० एप्रिलला, भर बाजारात दवंडी दिली असती तर पुरलं असतं. २०२५ मध्ये हा प्रश्न मोठा होणार होता, कारण चैत्र पौर्णिमा १२ एप्रिलला, शनिवारीच येत होती, म्हणजे छबिना आणि भाजीबाजार एकाच दिवशी. म्हणून दवंडी २९ मार्चच्या बाजारात द्यायची ठरली. दुसऱ्या दिवशी पाडवा असल्याने त्या बाजाराला सगळी खेडी लोटतात. दुसरी दवंडी ५ एप्रिलला. भाजीची जागा शाळेच्या मैदानात, पहाटे पाचला कमिटीची चार माणसं पेठेच्या तोंडाशी कंदील घेऊन उभी, आणि पहिल्या बैठकीला भाजीवाल्यांतल्या दोघींना बोलावणं.